पिस्टनवरचं पीठ

९ फेब्रुवारी १९८६, रविवार

ठरलं. अख्खं इंजिन बदलायचं नाही. वरचं हेड बदलायचं आणि आतला कॅमशाफ्ट. कडूबाचा ट्रक पुन्हा कन्नडचा घाट चढला पाहिजे!

हे मी लिहितोय याचं मलाच हसू येतं. चौतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. स्वतःच्या स्कूटरचा प्लग कधी काढला नाही.

कडूबा सकाळी मुकुंदवाडीहून बसनं आला. भिंतीला हात लावत जिना चढला. धाकट्या भावानं असं चढावं! म्हटलं, गुडघे का रे? – "व्हय. गुडघंच."

मग सांगितलं. जानेवारीत चाळीसगावहून केळी भरून येताना सातव्या वळणावर गाडी उभी राहिली. माल दुसऱ्या ट्रकमध्ये टाकून न्यावा लागला. व्यापारी म्हणाला, "कडूबा, तुझ्या गाडीत दम राहिला नाही." बावीस वर्षांचं काम बंद. वय पंचावन्न. "चिकलठाण्याला कंपनीच्या गेटावर बसंन. काठी देतेत, शिट्टी देतेत."

मी म्हणालो, गाडी नीट करू. खर्चाचं मी बघतो. तो विषय तिथंच संपवला. त्यानं खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाला, "करू. पण तुला रोज यावं लागंल, दादा. मिस्त्रीला एकटं सोडलं की काम लांबवतो."

येईन म्हणालो. मला दुसरं काय आहे? बायको, द्वारका, गेली त्याला आज एकाहत्तर दिवस.

१० फेब्रुवारी

गॅरेज जालना रोडला, मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे. पत्र्याची शेड, समोर लिंब. मालक चाँदखाँ मिस्त्री. साठी उलटलेली, पांढरी दाढी, दाढीला ग्रीस.

"आप वो मराठी के सर ना? मेरा भांजा आपके पास फेल हुआ था."

मी म्हणालो, माफ करा.

"नक्को, नक्को! अच्छा हुआ. पास होता तो इदरीच बैठता. अब दुबई में है."

इंजिनातलं मला काही कळत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. कडूबानं समजावलं – इंजिन म्हणजे छाती. हेड म्हणजे तिच्यावरचं झाकण. त्यात नाकपुड्या, म्हणजे व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा, त्याला उंचवटे. दांडा फिरतो, उंचवटा खालून रेटतो, नाकपुडी उघडते. "आपल्या गाडीचं नाक बारीक हाय, दादा. नव्या मॉडेलचं नाक मोठं, अन् उघडतं बी जास्त. छाती तीच ठिवायची."

चौतीस वर्षांत कुठली संकल्पना मी इतकी स्वच्छ समजावली असेन असं वाटत नाही.

१२ फेब्रुवारी

आज जाणार नव्हतो. उठवत नव्हतं. साडेदहाला कडूबा दारात. "चल." गेलो.

१४ फेब्रुवारी

जुनं हेड काढलं. दोघांनी उचललं तरी कमरेत भरेल एवढं जड. मिस्त्रींना संशय होता की त्याला तडा असावा. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. त्यांनी घासलेट चोळलं, पुसलं, मग म्हणाले, "अब खडू होना."

माझ्या शबनममध्ये खडू होता! निवृत्त होऊन चार महिने झाले, तरी आहे. हेडवर घासला. पाच मिनिटांत पांढऱ्यातून एक ओली काळी रेघ वर आली – दोन व्हॉल्व्हच्या मधोमध, नखाएवढी. तड्यात शिरलेलं घासलेट बाहेर येत होतं.

"देखो, सर का खडू बोल पडा."

इतक्या वर्षांत माझ्या खडूनं इतकी उपयोगी रेघ मारली नसेल. घरी येऊन डबा खाल्ला. कडूबाची बायको साळूबाई रोज सकाळी त्याच्या हातून पाठवते. आज सगळा संपवला.

१९ फेब्रुवारी

जालन्याला गेलो, मी आणि कडूबा. भंगारात नव्या मॉडेलचं, अपघातात सापडलेलं एक इंजिन उभं होतं. त्याचंच हेड हवं, त्याचाच कॅम हवा. मिस्त्रींनी बजावलं होतं – एक बदला नि दुसरं जुनं ठेवलं तर मोठ्या नाकाला बारीक श्वास, काही उपयोग नाही.

हेडवर ओतीव आकडे असतात, ते जुळले पाहिजेत. कडूबानं गंज पुसला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "वाच, दादा." मी वाचलं. कागदावरच्याशी पडताळलं. जुळलं. भंगारवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "मोठे मिस्त्री दिसतेत." कडूबा म्हणाला, "हैदराबादचे हायेत." दोघंही गंभीर!

परतताना बसमध्ये हेड पोत्यात, पायांशी. कडूबा खिडकीशी. त्याला पाट्या वाचायची सवय. लहानपणी बापाच्या बैलगाडीतून जातानाही वाचायचा, मोठ्यानं, मजा करत – दुकानांच्या, देवळांच्या, भिंतीवरच्या बिडीच्या जाहिराती. आज सगळी वाट गप्प. दमला असेल.

२० फेब्रुवारी

कालच्या पाट्यांवरून आठवलं. लिहून ठेवतो.

पोलिस ॲक्शनच्या वर्षी मी वीस वर्षांचा, तो सतरा. मी हैदराबादला कॉलेजात होतो. त्या धामधुमीत गावी परतलो. बाप उन्हाळ्यातच गेला होता. शिक्षण सोडायचं मी ठरवलं होतं. कडूबा शाळेत होता. आम्ही दोघं उर्दूतून शिकलेलो. पण मराठी तो माझ्यापेक्षा चांगलं वाचायचा. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आवाज चांगला, अडखळत नसे.

एक दिवस तो घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो तेलानं काळा. ट्रकवर क्लीनर लागला होता. म्हणाला, "दादा, तू जा परत. दोघांनी शिकून काय करायचं? कुणीतरी गाडी धुवाया पायजे."

मी गेलो. शिकलो. नोकरीला लागलो. पुढं त्यानं स्वतःचा ट्रक घेतला तेव्हा सगळे मलाच म्हणाले – तुमच्या भावानं नाव काढलं हो.

मी त्याचे आभार मानलेले नाहीत. आपल्याकडे भावाचे आभार मानत नाहीत. ही रीत कुणी पाडली कोण जाणे. माझ्यासारख्याच कुणाच्या तरी सोयीची असावी.

तो ट्रक घाट चढला पाहिजे.

२६ फेब्रुवारी

मी वहीत कामाची यादी केली. एक – हेड धुणे. दोन – व्हॉल्व्ह घासून बसवणे. असं चौदापर्यंत. मिस्त्रींना वाचून दाखवली. ते विडी ओढत शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "सर, इसमें चाय किदर है?"

पंधरावं कलम घातलं.

२ मार्च

आज कॅमशाफ्ट हातात घेतला. धुऊन, पुसून. किती सुबक वस्तू! एवढ्या लांबीत एकही भाग सजावटीचा नाही. प्रत्येक उंचवट्याची जागा कारणानं ठरलेली. असं एक पान लिहायला मिळालं असतं तर!

कडूबानं डोळे मिटले आणि एकेका उंचवट्यावरून अंगठा फिरवत गेला. नवव्यावर थांबला. "ह्यो झिजलाय."

मिस्त्रींनी चिमटमापानं मोजलं. इतरांपेक्षा केसभर कमी. त्यांनी माप खाली ठेवलं आणि कडूबाच्या अंगठ्याकडेच बघत राहिले. "ये माप कायकू लिया मैं? फुकट."

उंचवटा भरून, घासून घ्यावा लागेल. त्याला दहा-बारा दिवस. या मिस्त्रींचं सगळंच दहा-बारा दिवस. कडूबा म्हणाला होता ते खोटं नाही. रोज जातो म्हणून एवढं तरी होतं.

८ मार्च

शंभर दिवस झाले असतील. मोजले नाहीत.

१३ मार्च

मिस्त्री उद्या भाचीच्या लग्नाला बीडला. दोन दिवस गॅरेज बंद. पण किल्ली कडूबाकडे. जाताना पुढचं सांगितलं. नवा कॅम व्हॉल्व्ह जास्त खाली ढकलतो. पिस्टन वर येतो. दोघांची गाठ पडली तर व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टन फुटतो, केलेलं सगळं मातीत. म्हणून आधी बघायचं – पिस्टनच्या माथ्यावर मळलेल्या पिठाचा गोळा ठेवायचा, हेड आवळायचं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं, हेड उचलायचं. पिठावर व्हॉल्व्हचा ठसा उठतो. तो पात्यानं कापून मोजायचा. खाली उरलेल्या थराची जाडी म्हणजे मधली मोकळी जागा. दीड मिलिमीटर तरी हवी.

"मैं आके देखूंगा," म्हणाले.

मी कडूबाला म्हणालो, आपणच करून ठेवू की! पीठ मी आणतो.

१४ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात गेलो. नोव्हेंबरनंतर फक्त पाणी प्यायला आत जात होतो. द्वारकाचा पिठाचा डबा. झाकण घट्ट बसलेलं. चमच्याच्या दांड्यानं उघडलं. ज्वारीचं पीठ, वास आलेला. चाळलं. तिच्याच परातीत पाणी घालून मळलं. पहिल्यांदा पातळ झालं, मग घट्ट. हाताला चिकटलेलं सोडवत बसलो. तिला हे रोज पाच मिनिटांचं काम होतं. मला पाऊण तास!

ओल्या फडक्यात गुंडाळून गॅरेजला.

दोन पिस्टनवर दोन गोळे. हेड चढवलं, आवळलं. कडूबानं पान्यानं इंजिन फिरवलं, सावकाश, कान लावून. उतरवलं. गोळ्यांवर गोल ठसे! मी ओरडलोच. पात्यानं कापलं. कडूबानं कापलेली कड चिमटीत धरली, सोडली. "चिकटना हे," एवढंच म्हणाला. मग – "तू मोज, दादा. तू सांगशील ते."

दोन मिलिमीटर. भरपूर!

वहीत लिहिलं, खाली रेघ मारली. उद्याच हेड कायमचं आवळून टाकू असंही ठरवलं. कडूबा म्हणाला, "मिस्त्रीला यिऊ दे."

१६ मार्च

लिहावंसं वाटत नाही. लिहितो तरी.

मिस्त्री आले. मी वही दाखवली. त्यांनी वही पाहिलीच नाही. कोपऱ्यातला कापलेला गोळा उचलला, बोटांत चुरडला. भुगा खाली पडला.

"ये कायका आटा है?"

ज्वारीचं, म्हणालो.

ते खालीच बसले. "सर. आप भाकरी की नाप लेके इंजन बंद करने वाले थे?"

मग समजलं. गव्हाची कणीक चिवट; ठसा जसाच्या तसा धरते. ज्वारीला ताण नसतो. दाबलं की भेगाळते. हेड उचलताना ठशाच्या कडा आत ढासळल्या होत्या. मी मोजली ती मोकळी जागा नव्हतीच. ढासळलेलं पीठ मोजलं.

माझ्या घरी जन्मभर रोज भाकरी झाली. ती थापताना कडा का फुटतात, द्वारका पाण्याचा हात का फिरवते, हे समोर बसून पाहिलं. जेवलो आणि उठलो.

काल मी हट्ट धरला असता तर? कडूबा माझ्या शब्दाबाहेर गेला नसता. पहिल्याच आवाजाला गाडी संपली असती, आणि तो काठी-शिट्टी घेऊन गेटावर.

त्याला म्हटलं, तुला बोटाला कळलं होतं. बोलला का नाहीस?

"बोललो की. चिकटना म्हनलो."

"एवढंच?"

"तू खुशीत व्हतास," म्हणाला. "लई दिसांनी."

१७ मार्च

साळूबाईकडून गव्हाचं पीठ आणायला गेलो. तिला आधीच सगळं कळलेलं.

"एवढं शिकून गहू न् जवारी ओळखंना व्हय वो, भाऊजी? पोरांला काय शिकवलं मग?"

तिनं मळायला शिकवलं. मी पाटावर, ती समोर कमरेवर हात ठेवून. "पानी एकदम नका वतू. आन् ती परात काय पुस्तक हाय का, नुसतं बघत बसायला? दाबा की!" मनगटं दुखली. शेवटी गोळा गुळगुळीत झाला. तिनं बोट रुतवलं. खळगा तसाच राहिला. "आता बसवा तुमच्या विंजनात."

पुन्हा सगळं केलं. मिस्त्रींनी कापलं. कडूबानं अंगठा आणि बोट यांत धरलं.

"कागुद."

अर्धा मिलिमीटर. म्हणजे गाठ पडलीच असती.

उपाय आहे. पिस्टनच्या माथ्याला, व्हॉल्व्ह येतो तेवढ्या जागी, लेथवाल्याकडून खळगी पाडून घ्यायची. सहाही पिस्टन काढावे लागतील. आणखी दहा-बारा दिवस! मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उद्या परत यायचं आहे एवढंच डोक्यात आलं.

उरलेली कणीक घरी आणली. दोन पोळ्या केल्या. एक जळली. दोन्ही खाल्ल्या.

१८ मार्च

कणीक मळली. इंजिनासाठी नाही.

२९ मार्च

पिस्टन खळग्या पाडून आले. कणकेनं पुन्हा मोजलं. पावणेदोन! मिस्त्रींनी तो कापलेला गोळा मला दिला. "रख लो सर, सर्टिफिकेट है." वहीशेजारी ठेवलाय. वाळून दगड झालाय.

४ एप्रिल

इंजिन बंद केलं, म्हणजे हेड कायमचं आवळलं. आज टॅपेट. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा हात यांच्यात केसाएवढी फट ठेवायची असते. ती बघायला पोलादी पट्ट्यांचा जुडगा. प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली.

कडूबा स्क्रू फिरवतो, पट्टी सरकवतो, तिचा घासा बोटाला लागला की थांबतो. आणि प्रत्येक वेळी विचारतो – "दादा, पट्टी किती म्हणती?"

"आठ."

"आठच ना?"

"आठच."

बारा व्हॉल्व्ह, बारा वेळा. जन्म गेला त्याचा यात. पट्टी त्याला हातानं ओळखू येत असणार. लहान मुलाला स्वयंपाकात वाटाणे सोलायला बसवतात, तसं मला काम देतो. मी कृतज्ञतेनं सोलतो!

१० एप्रिल, पाडवा

चालू झालं!

मिस्त्री स्वतःच म्हणाले होते, "तुमारा मुहूर्त है, पाडवे कू करेंगे." साळूबाईनं बोनेटला साखरेची गाठी बांधली. मिस्त्रींनी हात वर करून काहीतरी पुटपुटलं.

कडूबा म्हणाला, "दादा, तू चढ. तू मार सेल्फ."

मी? कधी त्या जागेवर बसलोही नव्हतो. बसलो. दाबलं. एकदा घरघरलं. दुसऱ्यांदा – धरलं! पांढरा धूर, मग निळा, मग नाही. सगळी शेड हलायला लागली. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. कडूबानं दोन्ही पंजे हेडवर ठेवले, डॉक्टर ठेवतो तसे. कितीतरी वेळ काढले नाहीत.

"घेती," म्हणाला. "श्वास घेती."

मिस्त्री त्याला म्हणाले, "कडूबा, गाडी जवाई कू दे डाल. तू इदर बैठ मेरे पास. ये अंगूठा मेरे कू होना."

कडूबा हसला. जरा जास्तच वेळ हसला.

घरी येऊन द्वारकाच्या फोटोला हार घातला. तिला सांगितलं – मोठ्यानं – की इंजिन चालू झालं. शेजारच्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

१३ एप्रिल, रविवार

घाट.

काल रात्रीच चाळीसगावला उतरलो. सकाळी केळी भरली, पूर्ण. व्यापाऱ्यानं एक खेप दिली होती, बघण्यापुरती. गाडी जावई बद्रीनाथनं चालवली. कडूबा म्हणाला, "पयली खेप त्यानं न्यावी. मला आवाज ऐकायचाय." बद्रीनाथ, मधे कडूबा, खिडकीशी मी.

पायथ्याला बद्रीनाथनं विचारलं, "मामा, कितव्यात घिऊ?" – "तिसऱ्यात चढू दे. मी सांगतो."

कडूबाचा हात सगळी वाट इंजिनावरच्या झाकणावर. डोळे मिटलेले. आणि एकेक वळण येण्याआधी तो सांगायचा – "आता डावीकडं दरड. आता पिंपळ. हितं समोरचा दाबत येतो, हॉर्न दे." एकही चुकलं नाही. बावीस वर्षांचा पाठ! मी वर्गात कविता पाठ म्हणायचो तेव्हा पोरं ज्या नजरेनं बघायची, त्याच नजरेनं मी त्याच्याकडे बघत असेन.

सहावं वळण. बद्रीनाथनं दुसरा टाकला. मी काट्याकडे बघत होतो. उष्णतेचा काटा मधेच. कडूबा म्हणाला, "म्होरल्या वळनावरच मी गाडी थांबिवली व्हती." थांबवली म्हणाला. बंद पडली म्हणायचं असेल.

सातवं. दुसऱ्यातच! आवाज बदलला नाही. मी काहीतरी ओरडलो, काय ते आठवत नाही. बद्रीनाथ हसायला लागला.

वर पोहोचून गाडी लिंबाखाली उभी केली. दोघं उतरून कड्यापाशी गेलो. खाली सगळा खानदेश धुरकट. आता बोलून टाकायचं ठरवलं. म्हटलं, "कडूबा, त्या वर्षी तू शाळा सोडलीस, त्याचं मी कधी –"

"पानी दे," म्हणाला.

दिलं. प्यायला. बाटलीचं झाकण लावून माझ्या हातात ठेवलं, आणि माझं मनगट धरलं. परत गाडीपर्यंत तसंच धरून चालला.

संध्याकाळी औरंगाबादेत व्यापाऱ्यानं केळी बघितली. म्हणाला, उद्यापासून चालू करा.

झालं. त्यानं मला दिलं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण एवढं तरी मी त्याला परत दिलं.

१५ एप्रिल

व्यापाऱ्याला परमिट दाखवायचं होतं. कडूबा म्हणाला, क्याबिनच्या पेटीत हाय, काढ. पेटीत परमिटखाली एक चिठ्ठी होती. डोळ्यांच्या डॉक्टरची. दोन्ही डोळे. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही. वाहन चालवू नये. तारीख, २४ जानेवारी.

ही वही उघडली. पहिलं पान – ९ फेब्रुवारी.

मिस्त्रींना विचारलं, हे काम एरवी किती दिवसांचं? ते पाना पुसत राहिले. "पंधरा. कडूबा बोले, जल्दी नक्को. सर कू रोज आना होना."

चिठ्ठी होती तशी घडी करून परमिटखाली ठेवली. गॅरेजात दुसऱ्या कुणाची तरी गाडी उघडली होती. कडूबा तिच्यावर वाकलेला.

"दादा, आलास? बघ, पट्टी किती म्हणती."

"बारा," म्हणालो.